रात्रीहून काळं : महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांच्या कार्यकारिणीला आणि चित्रपट निवडणाऱ्या समित्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकीच एका सोसायटीची मी अकरा वर्षं सभासद आहे. कोणती ते लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते सगळ्यांनाच म्हणायचं आहे. गेल्या पावसाळ्यात मी आमच्या समितीला एक प्रस्ताव दिला होता. दोन संध्याकाळी, दोन सिनेमे. पहिल्या दिवशी 1975 चा एक मेक्सिकन भयपट, दुसऱ्या दिवशी त्याचाच 2014 मधला रिमेक, आणि मग चर्चा. आठवड्याभरात नकार आला. भुताखेतांचे सिनेमे लोक घरी बघतात, त्यासाठी सोसायटी कशाला, असं एक कारण होतं. दुसरं कारण मला जास्त लागलं. समितीतले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "तो मेक्सिकन सिनेमा मी पाहिलाय. काही दम नाही त्यात. दारं आपटतात आणि पोरी किंचाळतात." मी विचारलं तेव्हा कळलं, की त्यांनी पाहिला होता तो रिमेक. त्याच्या आधी एक मूळ सिनेमा होता हे त्यांच्या कानावरच आलेलं नव्हतं.

रिमेकबद्दलचं त्यांचं मत मला बरंचसं पटतं. पण त्या एका मताने एका दिग्दर्शकाचं आयुष्यभराचं काम बैठकीतल्या दोन मिनिटांत निकालात निघालं, हे मनातून जात नाही. म्हणून हे पत्र.

सिनेमाचं नाव 'मास नेग्रो के ला नोचे'. म्हणजे 'रात्रीहून काळं'. दिग्दर्शक कार्लोस एनरिके ताबोआदा. गोष्ट अगदी साधी आहे. ओफेलिया नावाच्या तरुणीला तिची आत्या वारल्यावर एक जुनं, मोठं घर वारसाने मिळतं. अट एकच : आत्याच्या काळ्या मांजराचा नीट सांभाळ करायचा. मांजराचं नाव बेकर. ओफेलिया आपल्या तीन मैत्रिणींना घेऊन तिथे राहायला येते. घरात जुनी कामवाली बाई आहे, बंद खोल्या आहेत, आत्याच्या वस्तू जिथल्या तिथे आहेत. मांजर एका मैत्रिणीचा पाळलेला पक्षी मारतं. थोड्याच दिवसांत मांजरही मेलेलं सापडतं. ते कसं मेलं हे मैत्रिणींना ठाऊक आहे आणि ओफेलियाला ठाऊक नाही. त्यानंतर त्या घरात रात्री मांजराचं ओरडणं ऐकू येऊ लागतं.

एवढंच. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला, आणि मोडला हे लपवलं. सगळी भीती या एका गोष्टीवर उभी आहे.

2014 मध्ये हेन्री बेडवेल या दिग्दर्शकाने हा सिनेमा पुन्हा केला. नायिकेचं नाव बदलून ग्रेटा झालं, ती भूमिका सूरिया वेगाने केली. वारशाचं घर तेच, अट तीच, मांजराचं नावही बेकरच. मेक्सिकोचा पहिला थ्रीडी भयपट म्हणून त्याची जाहिरात झाली. आणि प्रेक्षकांत त्याच्यावरून जे भांडण लागलं, ते मी अगदी जवळून ऐकलं आहे.

2015 साली मी कामानिमित्त मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात गेले आणि तिथे चौदा महिने राहिले. भाड्याची खोली एका जुन्या घरात होती. मधे उघडा चौक, त्याभोवती खोल्या, उंच छत, रस्त्याच्या बाजूला लोखंडी गज लावलेल्या लांबोड्या खिडक्या. पहिल्या रात्री मला आजोळच्या वाड्यात निजल्यासारखं वाटलं होतं. घरमालकीण सत्तरीच्या आसपासची. ऑक्टोबर संपत आला तसा तिने बाजारातून झेंडूच्या फुलांचे भारेच्या भारे आणले आणि मला माळा करायला बसवलं. आपण दसऱ्याला ज्याची तोरणं लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. तिथे त्याला सेम्पासूचिल म्हणतात आणि तो लागतो मृतांच्या दिवसाला, 2 नोव्हेंबरला. मेलेल्यांचे फोटो मांडायचे, त्यांच्यापुढे पाणी, मीठ, पाव आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवायचे, मेणबत्त्या लावायच्या आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट करायची, म्हणजे ते त्या वासाने घरी येतात. मला आपला पितृपक्ष आठवला, पान वाढून कावळ्याची वाट बघणारे आमचे काका आठवले. गेलेल्या माणसाचं घरातलं पान उठत नाही, ही समजूत दोन्हीकडे आहे.

त्या माळा ओवतानाच तिने मला ताबोआदाचं नाव पहिल्यांदा सांगितलं. तिने तो सिनेमा पंचाहत्तर साली, लग्नानंतर दोन-तीन वर्षांत, नवऱ्याबरोबर थिएटरात पाहिला होता. रिमेकही तिने पाहिला होता, मुलाने तिकीट काढून नेलं म्हणून. तिचं मत तिने एका वाक्यात सांगितलं, आणि मला ते आजही तिच्या आवाजात ऐकू येतं : "घर आहे, मांजर आहे. तिआ कुठे आहे?" तिआ म्हणजे आत्या.

तिचा मुलगा तेव्हा चाळिशीला टेकला होता. तो लहानपणी ताबोआदाचे सिनेमे टीव्हीवर पाहत मोठा झाला, रात्री पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून. त्याला रिमेक आवडला होता. त्याचं म्हणणं असं, की आईला तिचं तरुणपण परत हवं आहे आणि ते कुठलाही दिग्दर्शक देऊ शकत नाही. थिएटरात चारशे माणसं एकदम ओरडतात यातही एक मजा आहे, आणि ती मजा त्याला मित्रांबरोबर मिळाली. त्याच्या मुलीने, पंधरा वर्षांच्या, दोन्ही पाहिले होते. जुना संथ आहे हे तिने कबूल केलं. पण जुना बघून झाल्यावर ती आठ दिवस रात्री पाणी प्यायला एकटी स्वयंपाकघरात गेली नव्हती, आणि नवा बघून आल्या रात्री गाढ झोपली होती. जेवणाच्या टेबलावर या तिघांचं भांडण मी किमान चार वेळा ऐकलं. नंतर ऑफिसातही तेच. नवा विरुद्ध जुना म्हटलं की वयाप्रमाणे माणसं वाटली जातील असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. तिशीतली एक सहकारी मूळ सिनेमाच्या बाजूने तावातावाने बोलायची, आणि साठीचा एक जण म्हणायचा की नव्यातलं घर जुन्यापेक्षा कितीतरी देखणं आहे.

घर खरंच देखणं आहे. तेही आता लिहून टाकते. बेडवेलच्या सिनेमातला वाडा, त्यातला उजेड, जिने, पडदे, धूळ, यांवर माणसांनी जीव लावून काम केलं आहे. रिमेकची टिंगल करणाऱ्या प्रेक्षकांनी हे बघितलंच नाही असं मला अनेकदा वाटलं. फक्त पैसे कमवायला केलेला सिनेमा असा दिसत नाही.

मग बिघडलं कुठे? मी दोन्ही सिनेमे मिळून सात-आठ वेळा पाहिले असतील. माझं उत्तर मराठीतल्या दोन शब्दांत आहे, आणि ते दोन शब्द एका भाषेत शेजारी शेजारी असावेत याचा मला आनंद वाटतो. एक दचकणं, दुसरा धसका. दचकतं शरीर. मागून कोणी टाळी वाजवली तरी आपण दचकतो, आणि पुढच्या क्षणी हसतो. धसका मनाने घेतलेला असतो, आणि तो उतरायला दिवस लागतात. रिमेक आपल्याला पुन्हा पुन्हा दचकवतो. शांतता, मग एकदम मोठा आवाज, मग काहीतरी पडद्यातून अंगावर. तिसऱ्या वेळी शांतता झाली की प्रेक्षक खुर्चीचे हात धरून आवाजाची वाट बघत बसतो, आणि त्या वाट बघण्यात आत्या, मांजर, दिलेला शब्द, सगळं विसरतो. ताबोआदा आवाज टाळतो असं नाही. त्याचं मांजर ओरडतंच. पण ते ओरडतं तेव्हा ते मेलेलं आहे हे आपल्याला ठाऊक असतं, ते कोणामुळे मेलं याचा अंदाजही आलेला असतो. म्हणून दाराआडून येणारा तो बारीक आवाज आपल्याला आरोपासारखा ऐकू येतो. ग्वादालाहाराची ती पंधरा वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात का जात नव्हती, ते मला तिथे कळलं.

थ्रीडीबद्दल एक तांत्रिक गोष्ट बोलायला हवी, कारण नुसतं 'थ्रीडी नको होतं' म्हणणं अन्यायाचं आहे. थ्रीडीचा चश्मा लावला की पडद्यावरचा उजेड कमी होऊन डोळ्यापर्यंत पोहोचतो. ज्या सिनेमाच्या नावातच रात्रीहून काळं असं काही आहे, त्यात काळोखाचे पदर दिसायला हवेत : कोपऱ्यातला काळा, जिन्याखालचा काळा, मांजराच्या अंगाचा काळा. चश्म्यातून हे सगळं एकच होऊन बसतं. आणि आज तो घरी साध्या पडद्यावर बघणाऱ्याला, आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांप्रमाणे, कॅमेऱ्याच्या दिशेने घुसवलेल्या वस्तू दिसतात आणि त्या तिथे का घुसवल्या आहेत हेच कळत नाही. म्हणजे थिएटरातला प्रेक्षक आणि घरातला प्रेक्षक, दोघांचं थोडं थोडं नुकसान.

पण माझ्या मते मोठी उणीव तंत्रात नाही, आणि तिच्याबद्दल मी कोणालाच बोलताना ऐकलं नाही. मूळ सिनेमा 1975 चा आहे. त्याच वर्षी उन्हाळ्यात मेक्सिको सिटीत संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद भरली होती. आपल्याकडेही त्याच वर्षी पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद झाली. आणि वर्ष संपता संपता ताबोआदाचा सिनेमा आला. त्यात शहरात नोकरी करून एकत्र राहणाऱ्या चार तरुण बायका, त्यांतली एक घटस्फोटित, एका जुन्या घरात येतात. क्लाउदिया इस्लास, सुसाना दोसामान्तेस, एलेना रोहो आणि लुसिया मेंदेस या चौघी जणी मोकळेपणाने हसतात, उशिरापर्यंत जागतात, आत्याच्या वस्तूंची थट्टा करतात. आणि ते घर, ती कामवाली बाई, भिंतीवरचं चित्र, सगळं त्यांच्याकडे जुन्या नजरेने बघत राहतं. आत्या त्या घरात एका सबंध काळाच्या वतीने बसलेली आहे. आपण कोणाच्या बाजूचे, हे बघणाऱ्याला ठरवता येत नाही. त्या मुलींचं हसणं आपल्याला हवं असतं, आणि म्हातारीचा एकुलता जीव त्यांनी सांभाळला नाही हेही सहन होत नाही. थिएटरात नव्या लग्नाच्या नवऱ्याशेजारी बसलेल्या माझ्या घरमालकिणीने हा ताण अंगावर घेतला असणार. 2014 मध्ये चार मैत्रिणी एकत्र राहतात यात कोणाला काही वेगळं वाटत नाही, वाटूही नये. पण मग त्या घराला त्यांच्याशी भांडायला कारण उरत नाही, आणि नव्या दिग्दर्शकाने त्या जागी दुसरं भांडण आणून ठेवलं नाही. "तिआ कुठे आहे?" या प्रश्नाचा अर्थ मी असा लावते.

ताबोआदाचा जन्म 1929 चा, मृत्यू 1997 चा. त्याच्या तीन सिनेमांचे रिमेक झाले, आणि तिन्ही तो गेल्यावर. 'आस्ता एल विएन्तो तिएने मिएदो', म्हणजे 'वाराही घाबरतो', 1968 चा. मुलींचं वसतिगृह, सुट्टीतही घरी न सोडलेल्या मुली, आणि आजारी आईला भेटायला जाऊ न दिल्यामुळे जीव दिलेल्या एका मुलीचं भूत. 2007 मध्ये गुस्तावो मोएनोने तो पुन्हा केला आणि वसतिगृहाच्या जागी खाण्याशी संबंधित मानसिक आजार असलेल्या मुलींचं उपचार केंद्र आणलं. या बदलावर तिथले प्रेक्षक फार चिडले होते, असं मला सांगण्यात आलं. मी मात्र मोएनोच्या बाजूची आहे. मुलींच्या शरीरावर आणि येण्याजाण्यावर मोठ्यांचा ताबा, हा मूळ सिनेमाचा गाभा त्याने ओळखला आणि त्याच्या काळात तो ताबा कुठे दिसतो ते शोधलं. सिनेमा पुढे ढिला पडतो ही गोष्ट वेगळी. तलावाकाठच्या दगडी मुलाशी बोलणाऱ्या लहान मुलीची गोष्ट, 1969 चा 'एल लिब्रो दे पिएद्रा', हूलिओ सेसार एस्त्रादाने 2009 मध्ये परत केली. त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. मूळ पाहा, एवढंच म्हणेन.

आणि या तिघांपलीकडचा चौथा, 'वेनेनो पारा लास आदास', 'पऱ्यांसाठी विष'. 1984 चा. दोन शाळकरी मुली, त्यांतली एक आपण चेटकीण आहोत असं दुसरीला पटवते. जवळजवळ संपूर्ण सिनेमात मोठ्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत. कॅमेरा मुलींच्या उंचीवर राहतो आणि मोठी माणसं हात, पाठ, पदर, बूट एवढीच उरतात. त्याला मेक्सिकोचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आरिएल पुरस्कार मिळाला. भुताचे सिनेमे आपल्या धोरणात बसत नाहीत असं म्हणणाऱ्या समितीने हे एक वाक्य तरी लक्षात घ्यावं अशी माझी विनंती आहे.

आता आपल्याकडच्या एका संध्याकाळबद्दल सांगते. समितीचा नकार आल्यावर मी मूळ सिनेमा घरीच दाखवायचं ठरवलं. साताऱ्याला मावशीच्या माडीवर भिंतीला पांढरी चादर लावली. भाचा, त्याचे दोन मित्र, शेजारच्या बाई, मी आणि मावशी. मावशीचं वय एक्याऐंशी. इंग्रजी उपशीर्षकं तिला वाचता येत नाहीत, म्हणून मी तिच्या शेजारी बसून हळू आवाजात सांगत होते. अर्ध्या तासाने तिने मला गप्प केलं. तिला गरज नव्हती. मांजर मेलेलं सापडलं तेव्हा ती पुढे सरसावून बसली आणि म्हणाली, "मांजर मारलं गं यांनी. आता सोन्याचं मांजर करून काशीला दिलं तरी सुटका नाही." तोपर्यंत मांजर कसं मेलं हे पडद्यावर कोणी सांगितलेलंच नव्हतं. भाच्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तिला कसं कळलं?"

तिला कळलं, कारण ती ज्या गावात वाढली तिथे मांजर मारणं हे पाप मानत आणि त्याचं प्रायश्चित्त माहीत असे. मेक्सिको सिटीतल्या एका दिग्दर्शकाने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मांडलेला गुन्हा साताऱ्याच्या माडीवर एका बाईने साक्षीदाराशिवाय ओळखला. त्या संध्याकाळी भाच्याने आणि त्याच्या मित्रांनीही सिनेमा मावशीच्या चेहऱ्याकडे बघत पाहिला. सिनेमा एकत्र बसून का बघायचा, याला माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही, आणि हे उदाहरण तुमच्या दारात घडायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्याच मंडळींना रिमेक दाखवला. शेजारच्या बाई दोनदा ओरडल्या आणि मग पाणी प्यायल्या. भाच्याचं मत मी जसंच्या तसं देते, कारण ते माझ्या मताच्या विरुद्ध आहे : "पहिला मी हा बघितला असता, तर जुना मुद्दाम शोधून बघितला असता. जुना पहिला दाखवलास म्हणून हा मला फिका वाटला. क्रम तुझा चुकला." मावशी त्याला म्हणाली, नव्यात मांजराकडे कोणाचं लक्षच नाही, सगळ्या आरशात बघतात. मग दोघांचं तासभर चाललं. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि एक्याऐंशी वर्षांची बाई, मधे एक मेलेलं मांजर. मला दोघांचंही पटत होतं. भाच्याने क्रमाबद्दल जे सांगितलं त्यावर मी खूप विचार केला, आणि आता माझा प्रस्ताव बदलला आहे : रिमेक आधी, मूळ नंतर.

हे भांडण आपल्यालाही परकं नाही. 2017 मध्ये विशाल फुरियाने 'लपाछपी' केला, उसाच्या फडातलं घर, गरोदर बाई, आणि मुलींच्या भ्रूणहत्येचा शाप. चार वर्षांनी त्यानेच हिंदीत 'छोरी' केला. किती मराठी प्रेक्षकांनी फक्त हिंदी पाहिला आणि मूळ आपल्याच भाषेत आहे हे नंतर कळून हळहळले! इथे निदान दिग्दर्शक एकच होता आणि दोन्हींमध्ये चारच वर्षांचं अंतर होतं. ताबोआदाच्या बाबतीत अंतर एकोणचाळीस वर्षांचं आहे आणि बोलायला तो हयात नाही. त्याच्या बाजूने बोलणार प्रेक्षकच.

काही जण म्हणतील, रिमेकमुळे मूळ सिनेमा आपोआप जगतो. ते खरं असतं तर आमच्या ज्येष्ठ सभासदांना मूळचं नाव ठाऊक असतं. सिनेमे आपोआप जगत नाहीत. मार्च 1982 मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिनेतेका नासिओनाल या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आग लागली आणि हजारो सिनेमांच्या प्रती जळून गेल्या. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तेव्हा आपणही हे पाहिलं आहे. उरतात ते सिनेमे कोणीतरी दाखवत राहतं म्हणून उरतात. 'प्रभात चित्र मंडळ' ही फिल्म सोसायटी 1968 साली मुंबईत सुरू झाली, त्याच वर्षी मेक्सिकोत 'वाराही घाबरतो' पडद्यावर आला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या सोसायट्यांनी आम्हाला जपान, पोलंड, इराण, हंगेरी दाखवलं. खेड्यातल्या मुलांना जपानी दिग्दर्शक कुरोसावाचे सिनेमे दाखवणारे तुम्हीच. भयपटाशीच दार का लावून घेता? भीती ही हलकी भावना आहे, असं कुठे ठरलं? करुणेला जागा, विनोदाला जागा, आणि आपल्या रसशास्त्राने मानाने बसवलेल्या भयानक रसाला मात्र जिन्याखाली?

माझी मागणी छोटी आहे. एका महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आणि रविवारी हे दोन सिनेमे लावा. आधी 2014 चा, मग 1975 चा. परवानगीसाठी दिल्लीच्या मेक्सिकन दूतावासाच्या सांस्कृतिक विभागाला पत्र लिहून मदत मागता येईल. तुम्ही इतर देशांच्या दूतावासांशी हे कितीतरी वेळा केलं आहे, तुम्हाला पद्धत ठाऊक आहे. दोन्ही दिवस चर्चा ठेवा, पण व्यासपीठावर तज्ज्ञ बसवू नका. सभागृहात माइक फिरवा. ज्यांनी कधी सोसायटीची पायरी चढली नाही अशा म्हाताऱ्या बायकांना मुद्दाम बोलवा, मुलांना बोलवा, रिमेक आवडलेल्यांना तर आवर्जून बोलवा आणि त्यांना पहिल्यांदा बोलू द्या. त्यांच्या मतावर कोणी हसणार नाही याची काळजी अध्यक्षांनी घ्यावी. आवडलेला सिनेमा का आवडला हे सांगायला नावडलेल्याहून जास्त धीर लागतो.

मूळ सिनेमाची मराठी उपशीर्षकं मी करते आहे, मोबदल्याशिवाय. बाराशेच्या वर संवाद आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक झाले. एक शब्द अडला आहे. 'तिआ' या स्पॅनिश शब्दात आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या येतात, आणि या पत्रात मी 'आत्या' लिहिलं ते फक्त माझ्या कानाला बरं वाटलं म्हणून. मावशीचं म्हणणं, मांजरावर इतका जीव लावणारी ती मावशीच असणार. घरमालकिणीला मी फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, तुमच्याकडे मुलं ज्या नात्याचा जास्त धाक बाळगतात ते लिही. तुम्ही तारीख कळवा, तोवर मी ठरवते.

आपली,
एक सभासद, सातारा